सात मात्रांचा रिफ

माझ्या थोरल्या भावाच्या कॉलेजमित्रांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सगळे साठीच्या आसपासचे, गुडघे सांभाळत चालणारे, आणि रोज सकाळी फिरून आले की ऐंशीच्या दशकातल्या मेटल आणि पंकमधला सर्वोत्तम रिफ कोणता यावरून एकमेकांच्या उरावर बसणारे. दादाने मलाही त्या ग्रुपात घातलंय. कशासाठी, ते मला आजवर कळलेलं नाही. मी तिथे एकटीच बाई आहे आणि वाढदिवसाला केकचं चित्र टाकण्यापलीकडे माझ्याकडून कोणाची काही अपेक्षा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा चार-सहा सुरांचा तुकडा. आपल्याकडे गाण्याला मुखडा असतो तसा, फक्त शब्दांवाचून. सगळं गाणं त्याच्यावर उभं असतं. ग्रुपातले लोक रिफ किती वेगवान, किती अवघड यावर मार्क देतात. सगळे इंजिनियर, मार्क दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझी कसोटी वेगळी आहे. तोंडाने म्हणत कणीक तिंबावी आणि ती चांगली तिंबली जावी, तो रिफ चांगला. मेटलमधले दौडत जाणारे रिफ या कसोटीला उतरतात. पंकमधले त्याहून जास्त, कारण पंकवाल्यांना जेमतेम तीन कॉर्ड येत आणि ते तिन्ही रागाने वाजवत. ग्रुपावर मी हे एकदा लिहिलं. त्यावर तीन जणांनी हसणारे चेहरे टाकले आणि एकाने पोळ्या मऊ होण्यासाठी कणकेत दूध घालायचं का, असं विचारलं.

राग हा शब्द मी विचार करून वापरते आहे. आमच्या घरात आवाज चढवायची पद्धत नव्हती. बाबा रागावले की उलट जास्तच आदराने बोलत. "आपल्याला सवड झाली असेल तर आपण अभ्यासाला बसावं," असं ते म्हणाले की समजायचं, आज काही खरं नाही. दादा दार आपटायचा. तो तापट आहे असं सगळे म्हणत आणि म्हणताना त्यात थोडं कौतुक असे. मी एकदाच दार आपटलं, तर आत्या म्हणाली, हिचं सासरी कसं व्हायचं. त्यानंतर दादाच्या खोलीतून मेटलचं पहिलं गाणं ऐकू आलं, तेव्हा मला वाटलं की कोणीतरी माझ्या वतीने दार आपटतंय आणि तेही तालात. मी स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होते. हात तसेच राहिले. एवढा राग असा उघड उघड, सुरात करता येतो आणि त्याला कोणी सासरचं विचारत नाही, हे मला नवीन होतं.

तेव्हा आम्ही कर्वेनगरात राहायचो. आजूबाजूला अजून मोकळे प्लॉट होते आणि आमची सोसायटी नवी होती. दादाला बारावीत उत्तम मार्क पडले म्हणून बाबांनी त्याला इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. मलाही गिटार मिळाली, पण ती हवाईयन. ती मांडी घालून बसून मांडीवर आडवी ठेवायची आणि लोखंडी कांडी तारांवरून सरकवत सिनेमातली हळवी गाणी वाजवायची. त्या काळात पुण्यातल्या आमच्यासारख्या घरांतून मुलगी गिटार शिकते म्हणजे हेच शिकते. ती सोज्वळ समजली जाई, कारण ती वाजवताना मुलगी बसलेली असते. क्लासच्या बाई म्हणायच्या, सूर पाझरला पाहिजे. मी दोन वर्षं सूर पाझरवले.

दादाकडे गाणी यायची ती कॅम्पातल्या एका दुकानातून. कोरी कॅसेट नेऊन द्यायची, दुकानदार परदेशातून आलेल्या रेकॉर्डवरची गाणी त्यात भरून ठेवायचा. त्याला कॅसेटवर कोरी जागा सोडलेली खपत नसे. त्यामुळे बाजू संपेपर्यंत तो भरत राहायचा आणि शेवटचं गाणं हमखास मध्येच तुटायचं. ते गाणं पुढे कसं जातं हे पुण्यातल्या निम्म्या मुलांना माहीत नसे. दादा आणि त्याचे दोन मित्र मग पुढचं गाणं स्वतःच रचायचे. ते सगळं पाताळ, मृत्यू आणि प्रिन्सिपल यांच्याविषयी असे.

आता मुद्द्याचं. दादाला कान नव्हता. हे मी आकसाने म्हणत नाही. त्याला स्टेज होतं, केस होते, मान हलवायची कला होती, बोटंही वेगवान होती. पण गाणं ऐकून त्यातला सूर कुठला हे त्याला सापडत नसे. मी लहानपणापासून गाणं शिकले होते, मला सापडे. म्हणून दुपारी तो कॉलेजात असताना मी त्याची कॅसेट लावायची, दोन सेकंद ऐकायचं, थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं, आणि त्याची गिटार माझ्या मांडीवर आडवी घेऊन रिफ शोधायचा. संध्याकाळी तो आला की मी त्याला दाखवायचे. जाड तारेवर तिसरं घर, मग मोकळी तार, मग पुन्हा तिसरं. त्याच्या बोटांत ते बसलं की मित्र यायचे, दार लागायचं, आणि मी दाराच्या बाहेर असायचे. त्यांचा एक मित्र गणेश मंडळाचा कार्यकर्ता होता. वर्षभर धूळ खात पडलेला मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर तो घेऊन यायचा. त्याचा आवाज पूर्ण वाढवला की तो फाटायचा, आणि तो फाटलेला आवाज अगदी परदेशी मेटलसारखा यायचा. आरतीला शिव्या खाणारा तो अ‍ॅम्प्लिफायर इथे सोन्याचा झाला.

एकदा एका कॅसेटच्या अगदी शेवटी एक रिफ आला. सुरुवातीला गिटार एकटी. एक फेरी, दुसरी फेरी, आणि दुसरी संपताना ड्रम्स कोसळतात तोच कॅसेट संपायची. बस, एवढंच. पण तो रिफ मला इतका आवडला की मी तो ऐकून ऐकून टेपरेकॉर्डरला कंटाळा आणला. शेवटी त्याने कॅसेट खाल्ली. पट्टी आत गुंडाळली गेली आणि दोन फेऱ्यांच्या मधोमध चुरगळली. मी ती हलक्या हाताने सोडवली, चुरगळलेला तुकडा कात्रीने कापून टाकला, दोन्ही टोकं सेलोटेपने जोडली आणि पेन्सिलीने पट्टी पुन्हा आत गुंडाळली. पुन्हा लावली तर छान वाजली. पहिली फेरी संपते न संपते तोच दुसरी सुरू व्हायची, जरा घाईने, जणू पहिलीला बोलू न देता. तोवर मी नुसते सूरच ऐकले होते, आता पहिल्यांदा हातावर ताल धरला. सात मात्रा. ती ती ना, धी ना, धी ना. रूपक.

माझ्या मनात काडीचाही संशय आला नाही. ज्या घरात रूपकातल्या बंदिशी ऐकत वाढलो त्या घरात सात मात्रा ही काही अडखळण्यासारखी गोष्ट नव्हती. उलट साहेबालाही रूपक सुचला म्हणून मला आनंद झाला. दादाचा पाय मात्र सवयीने आठवा ठोका मागत राहायचा. मी त्याला म्हटलं, "पाय बंद ठेव आणि माझ्या हाताकडे बघ." तो कित्येक दिवस माझ्या हाताकडे बघून तो रिफ शिकला. शेवटी त्याच्या अंगात तो इतका भिनला की झोपेतही सातच वाजवेल.

कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांनी तो वाजवला. आई आणि मी मागच्या रांगेत होतो. पुढची मुलं तालावर माना हलवायला लागली आणि प्रत्येक फेरीला एक मात्रा आधीच रिफ परत आला की सगळ्यांच्या माना चुकायच्या, एकमेकांची डोकी आपटायची, आणि त्यामुळे ती अजूनच खूश व्हायची. सभागृह डोक्यावर घेतलं होतं. स्टेजवरून दादाचं नाव पुकारलं गेलं. आई माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "बसवलंस हो चांगलं." तेवढी एकच बाई होती जिला माहीत होतं. ती आता नाही.

पुढे दादाची नोकरी, परदेश, परत येणं, खराडीच्या आयटी कंपनीतलं मोठं पद. गिटार माळ्यावर गेली. माझ्या लग्नानंतर मी ती मागून आणली. आता मी धायरीत गिटारचे क्लास घेते. शाळेतली पोरं येतात, निवृत्त लोक येतात. आडवी गिटार शिकायला आता कोणी येत नाही, आणि त्याचं मला दुःख नाही.

काही वर्षांपूर्वी इंटरनेटवर मला ते गाणं सापडलं. अख्खं. मी चहा ठेवला होता तो गॅसवर आटून गेला. रिफ सुरू झाला, सात मात्रा झाल्या आणि आठवी आली. सरळ, शहाणी, घड्याळासारखी आठ मात्रांची फेरी. मी पुन्हा लावलं. पुन्हा आठ. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की दोन बोटं लांबीची पट्टी मी कापली होती आणि त्याच्याबरोबर एक मात्रा कचऱ्यात गेली होती. मला हसू आवरेना. खरं सांगायचं तर मूळ रिफ मला मिळमिळीत वाटला. त्या शेवटच्या मात्रेत तो दम खातो. आमचा दम खात नाही, म्हणून तो रागावलेला वाटतो. मी लगेच दादाला फोन केला. तोही हसला, अगदी ठसका लागेपर्यंत. म्हणाला, "काय सांगतेस! तुझा सेलोटेप म्हणजे."

तुझा सेलोटेप. त्याचे हे शब्द मला आठवतात, कारण त्यानंतर ते त्याच्या तोंडून कधीच आले नाहीत. पुढच्या वेळी कोणाकडे तरी जेवताना तो ही गंमत सांगत होता, तेव्हा 'आमची कॅसेट तुटली होती' असं झालं. मी म्हटलं, ठीक आहे, आमची. मग ग्रुपावर त्याने लिहिलं की 'मी ती जोडली तेव्हा एक मात्रा गेली'. मला वाटलं, घाईत लिहिलं असेल. मग एका पुरवणीत त्याच्यावर लेख आला, ऐंशीच्या दशकात मेटल वाजवणारा पुण्याचा इंजिनियर म्हणून. त्यात छापलं होतं की घरच्या शास्त्रीय संस्कारांमुळे त्याने मूळ रिफमधली एक मात्रा जाणीवपूर्वक काढून टाकली आणि मेटलला रूपकात बसवलं. जाणीवपूर्वक. ज्याच्या पायाला आठवी मात्रा सोडवत नव्हती, त्याने. पेपर मी हातातून खाली ठेवला आणि बराच वेळ भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी.

त्या वर्षी भाऊबीजेला तो नेहमीप्रमाणे धायरीला आला. मी ओवाळलं. त्याने ओवाळणीचं पाकीट ताम्हनात ठेवलं, ते मी परत त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "दादा, यंदा हे नको. पुढच्या महिन्यात तुझा कार्यक्रम आहे ना कंपनीत? तिथे तो रिफ वाजवशील तेव्हा एकदा सांग की हा माझ्या बहिणीने बसवला. एकच वाक्य. मला दुसरं काही नको."

तो हसला. "अगं, गोष्ट सांगताना इतकं बारीक सांगत बसलं की लोक जांभया देतात."

"एका वाक्याने कोणाला जांभई येत नाही."

"आणि घरातलंच आहे ना सगळं? त्यात तुझं काय, माझं काय?"

"मग माझं म्हणून सांग. तुला काय फरक पडतो?"

त्याने लाडू घेतला आणि म्हणाला, "बरं. बघतो." आणि ते पाकीट पुन्हा ताम्हनात ठेवून गेला. मी ते तसंच ठेवलं. 'बघतो' या शब्दावर मी महिनाभर काढला. मी मूर्ख नाही, पण आपल्या माणसाबाबतीत माणूस आशा धरतो आणि मला आता त्याचीही चीड येते.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता, खराडीत कंपनीच्या सभागृहात. ऐंशीच्या दशकातले दहा रिफ, वाजवून आणि समजावून. दादा लवकरच निवृत्त होणार म्हणून हौसेने ठेवलेला. मी पुढच्या रांगेत होते, वहिनी शेजारी. दादा छान बोलला, हे मी नाकारत नाही. मेटलच्या रिफमध्ये तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज कसा दाबायचा हे त्याने दाखवलं. पंकवाल्यांचा उजवा हात फक्त वरून खाली कसा मारतो हे दाखवलं. हे मात्र त्याचं स्वतःचं ज्ञान होतं, त्याने नंतर मेहनतीने कमावलेलं. शेवटी तो म्हणाला, आता दहावा, आणि हा जगात कुठेही ऐकायला मिळणार नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मग नजर वर, मागच्या रांगांकडे नेली आणि म्हणाला, "आमच्या घरात रूपक होता. मी विचार केला, का नाही?"

वाजवलं त्याने. सात मात्रा, अगदी मी शिकवल्या तशा. टाळ्या पडल्या.

प्रश्न विचारायला माईक फिरू लागला तेव्हा मी हात वर केला. मी उभी राहिले. माझ्या तोंडून बाबांचा आवाज निघाला. "एक शंका होती. आपण आठवी मात्रा काढलीत, ती शेवटचीच का काढावीशी वाटली? पहिली का नाही? चौथी का नाही? आपण विचार केलात म्हणालात, तो विचार काय होता?"

तो असा मनमोकळा हसला की मला त्याच्या स्टेजचा हेवा वाटला. "मित्रांनो, ही माझी धाकटी बहीण. मला पेचात पकडायचा हिला जन्मसिद्ध हक्क आहे. आम्ही तासन्‌तास वाजवत बसायचो तेव्हा आम्हाला चहा हीच करून द्यायची. तिच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. चहासाठी. मी म्हटलं, "चहा आई करायची," पण तोवर माईक पुढच्या माणसाकडे गेला होता आणि ते फक्त वहिनीने ऐकलं. ती पदर सारखा करत राहिली. कोणीतरी जेवण तयार असल्याचं जाहीर केलं आणि लोक उठले.

मी उठले नाही. आजवर मला त्याचा राग आला तेव्हा तेव्हा मी तो गिळला, कारण तो दादा, कारण तो लांब राहतो, कारण भाऊबीज, कारण आई गेल्यावर माहेर म्हणून तेवढाच उरलाय. त्या रिकाम्या सभागृहात मला त्यातलं एकही कारण पुरेना. त्याने गाणं चोरलं असतं तर मी म्हटलं असतं, घे. त्याने माझ्या त्या सगळ्या दुपारी घेतल्या होत्या आणि बदल्यात मला किटली दिली होती.

समोर स्टेजवर त्याची नवी गिटार उभी होती. अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा चालू होता. मी पायऱ्या चढून वर गेले, खुर्ची ओढली, गिटार घेतली आणि सुरू केलं. एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी. बोटांना काही आठवावं लागलं नाही. तळहाताची कड तारांवर टेकवली, मग उचलली, मग पुन्हा टेकवली. जेवणाची जागा दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये होती. आधी तिथली बडबड कमी झाली, मग ताटांचा आवाज थांबला. दारात माणसं जमू लागली, हातात ताटं घेऊन. बाहेर कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "सर तर इथे आहेत. मग आत कोण वाजवतंय?"

मग दादाही दारात आला. त्याच्या हातातही ताट होतं. लोक माझ्याकडे बघत, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्या बोटांकडे. मी थांबले, कारण मला त्याला बोलायला वेळ द्यायचा होता. पुढे उभ्या असलेल्या एका तरुण मुलाने अगदी आदराने विचारलं, "मॅडम, भारीच. हे तुम्हाला सरांनी शिकवलं का?"

मी दादाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. त्याने ताटातली अख्खी जिलेबी उचलली आणि तोंडात घातली. तोंडात घास असताना बोलायचं नाही, असं आमच्या घरचं वळण आहे. मी अ‍ॅम्प्लिफायरचं बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं.